डोंबिवली स्टेशनवरचा नंबर गेम

आपल्या आयुष्यात आकडे काय कमी आहेत? सीटीसी, टार्गेट, ईएमआय, क्रेडिट कार्डची ड्यू डेट आणि वजनकाट्यावरचा तो नकोसा आकडा. सगळे टेन्शन देणारे! पण याच महाराष्ट्रात एक अवलिया होऊन गेला, ज्याने आकड्यांच्या एका जातीचं नावच ठेवलं ‘हर्षद’. म्हणजे आनंद देणारे.

फंडा एकदम सोपा. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यातल्या अंकांची बेरीज करा. त्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला, की ती हर्षद. उदाहरणार्थ 18. एक अधिक आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. झालं!

आता समजा, तुमची लोकल 7.56ची आहे. 7, 5 आणि 6ची बेरीज 18. 756 भागिले 18, उत्तर 42. हर्षद! हे जमलं कसं? शाळेतले मूळ अवयव आठवा (हो, तेच ते, मसावि-लसाविवाले). 756 म्हणजे 2×2×3×3×3×7 आणि 18 म्हणजे 2×3×3. अठराचं सगळं सामान 756च्या बॅगेत आधीच भरलेलं आहे, म्हणून भाग जातो.

गाडी एक मिनिट लेट झाली, तर 757. ही मूळ संख्या. 1 आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच भागू शकत नाही, मग अंकांची बेरीज 19 कुठून चालणार? दोन किंवा जास्त अंकांची मूळ संख्या हर्षद होऊच शकत नाही. कारण अंकांची बेरीज संख्येपेक्षा लहान असते आणि ती 1 यायची तर 10, 100 अशीच संख्या लागते. आणखी एक मिनिट लेट? 758. बेरीज 20, तिला हवा एक 5. पण 758 म्हणजे 2×379. बॅगेत 5 नाहीच, सॉरी बॉस.

हा टाइमपास शोधणाऱ्या माणसाचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1905मध्ये डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, 1927मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक आणि मग 1962पर्यंत देवळालीत शाळामास्तर. 121, 12321, 1234321 अशा संख्यांच्या कुळाची कल्पना त्यांना चक्क डोंबिवली स्टेशनवर सुचली, म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. या तिन्ही म्हणजे 11, 111 आणि 1111चे वर्ग. आपण त्याच प्लॅटफॉर्मवर उभं राहून काय करतो? इंडिकेटरला शिव्या देतो.

त्यांचा सुपरहिट आकडा मात्र 6174. तुमचा एटीएम पिन घ्या (मनातल्या मनात हं!). चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही 6174वर पोचता आणि तिथेच अडकता. 1947 घेतलं, तर 8262, 6354, 3087, 8352 आणि मग 6174. यातलं प्रत्येक उत्तर नवाच्या पाढ्यातलं आहे, बघितलंत? अंक तेच, फक्त जागा बदलल्या, त्यामुळे नवाने भागल्यावर दोन्हीकडे बाकी सारखीच उरते आणि वजाबाकीत उडून जाते. आणि 6174च्या अंकांची बेरीज 18, भागाकार 343. म्हणजे हीसुद्धा हर्षदच!

यातून कापरेकरांना काय मिळालं? इन्क्रिमेंट तर नक्कीच नाही. मोठमोठ्या गणितज्ञांना हे पोरखेळ वाटायचे. बरंचसं लिखाण त्यांनी छोट्या पुस्तिका काढून स्वतःच छापलं. 1975मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते. 1986मध्ये ते गेले.

आज आपण काहीही शिकायच्या आधी विचारतो, सीव्हीत टाकता येईल का? गिटार असो, जर्मन असो की पॉटरी. कापरेकरांनी हा प्रश्न विचारला असता, तर 6174ला त्यांचं नाव मिळालं नसतं. ज्यातून पैसा येत नाही, प्रमोशन येत नाही, अशी एखादी तरी गोष्ट आपल्याकडे असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात स्वस्तात होते. 2024 हर्षद होतं, 2025ही. 2026 नाही, 2027 तर मूळ संख्याच. 2028 बघा जरा, सांगत नाही. आणि हो, हिशेब तोंडी करायचा. फोन खिशातच ठेवा!