मोटारीची किल्ली आणि मालकाचा हक्क

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील केळझर हे गाव नागपूर–वर्धा मार्गावर आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी या परिसरात परंपरागत श्रद्धा आहे. विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असलेल्या येथील सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येतात. एके काळी एस. टी.ने येणारा मध्यमवर्गीय आता पुष्कळदा स्वतःच्या मोटारीने येतो आणि ही मोटार अनेकदा दुसऱ्याकडून जुनी विकत घेतलेली असते. अशा एखाद्या शिक्षकाची वा कारकुनाची किल्ली गर्दीत हरवली, तर त्याच्यापुढे कोणते मार्ग उरतात? प्रश्न क्षुल्लक वाटतो; परंतु त्याच्या पोटात मालकी, मक्तेदारी आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य हे अर्थशास्त्रातले जुने प्रश्न दडलेले आहेत.

केळझरहून वर्धा सुमारे 25 आणि नागपूर सुमारे 50 किलोमीटर आहे. पूर्वी अशा प्रसंगी जवळच्या बाजारपेठेतला किल्लीवाला शोधून आणला की काम भागत असे. कुलपाच्या खाचांचा अंदाज घेऊन, कानशीने पाते घासून तो तासाभरात नवी किल्ली हातात ठेवी. आजच्या बहुतेक मोटारींच्या बाबतीत त्याने घडवलेल्या किल्लीने दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक लहानशी चिप असते. किल्ली फिरवताच कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून त्या चिपला ऊर्जा मिळते, मोटारीतील संगणक तिला सांकेतिक प्रश्न विचारतो आणि अपेक्षित उत्तर आले तरच इंजिन चालू होऊ देतो. या यंत्रणेला ‘इमोबिलायझर’ म्हणतात. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत पाते खिशातच राहते; प्रश्नोत्तरे मात्र रेडिओ लहरींतून होतातच.

म्हणून नवी किल्ली नुसती घडवून भागत नाही. तिची मोटारीच्या संगणकात नोंद करावी लागते. सुकाणूच्या खालच्या जोडणीला तपासणी यंत्र लावून, बहुधा एक गुप्त संकेतांक देऊन, ही नोंद केली जाते. एक चालू किल्ली हाताशी असेल तर काम तुलनेने सोपे असते. सर्वच किल्ल्या गहाळ झाल्या, तर ते फार अवघड आणि खर्चाचे होते; काही गाड्यांत संगणकाचा भागच बदलण्याची पाळी येते.

ही व्यवस्था केवळ ग्राहकाला नाडण्यासाठी निर्माण झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. युरोपात मोटारचोरी बेसुमार वाढल्यानंतर 1995 च्या निर्देशानुसार नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली आणि 1998 पासून ती सर्वत्र रूढ झाली. तारा जोडून गाडी पळवण्याची जुनी युक्ती तिच्यामुळे निरुपयोगी ठरली. दुसराही एक लाभ आहे. हरवलेल्या किल्लीची नोंद संगणकातून पुसून टाकता येते, म्हणजे ती कोणाच्या हाती पडली तरी तिने इंजिन चालू होत नाही. पूर्वी यासाठी कुलूपच बदलावे लागे. तेव्हा आक्षेप तंत्रज्ञानावर नाही. ते कोणाच्या ताब्यात आहे, यावर आहे.

किल्लीच्या किमतीचे पृथक्करण केले तर हे स्पष्ट होते. धातूचे पाते, प्लॅस्टिकची मूठ आणि चिप यांचा उत्पादनखर्च अल्प असतो. ग्राहक जे मोजतो त्यातील मोठा वाटा नोंदणीच्या परवानगीचा असतो, आणि ती परवानगी एकाच विक्रेत्याजवळ असली तर तिची किंमत तोच ठरवतो. मोटार घेताना ग्राहक तिची किंमत, इंधनाचा खर्च, कर्जाचा हप्ता यांची तुलना करतो. हरवलेली किल्ली पुन्हा करून घेण्यास काय पडेल, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. मोटारीच्या बाजारात अनेक कंपन्यांची स्पर्धा आहे, परंतु एकदा खरेदी झाली की तो ग्राहक सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजारात एका कंपनीशी बांधला जातो. किल्ली महाग वाटली म्हणून कोणी मोटार बदलत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने नेमका हाच युक्तिवाद मान्य केलेला आहे. 2011 मध्ये एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीतून चौकशी सुरू झाली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्र अँड महिंद्र याही होत्या. प्रत्येक कंपनी आपापल्या सुट्या भागांच्या बाजारात वर्चस्व राखून आहे आणि सुटे भाग, तपासणी यंत्रे व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारणे हा त्या वर्चस्वाचा गैरवापर होय, असा आयोगाचा निष्कर्ष होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलांत गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या प्रकरणात मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र कमी केला. तत्त्व प्रस्थापित झाले, तरी त्याचा लाभ वर्ध्याच्या गॅरेजपर्यंत अथवा सेलूच्या किल्लीवाल्यापर्यंत पोहोचला, असे म्हणण्याजोगी स्थिती नाही.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने विचारात घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळही सुरू झाले. हे पाऊल स्वागतार्ह होय. तथापि संकेतस्थळावर माहिती मिळणे वेगळे आणि कायद्याने हक्क मिळणे वेगळे.

कंपन्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे. किल्लीचे संकेतांक कोणालाही दिले तर ते चोरालाही मिळतील, असे त्या म्हणतात. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्यावर उपाय आहे आणि तो अन्यत्र योजलेला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2006 मध्ये कायदा करून, मोटारीच्या नोंदणीकृत मालकाला परवानाधारक किल्लीवाल्यामार्फत नवी किल्ली करून घेता यावी यासाठी आवश्यक ती माहिती देणे कंपन्यांना बंधनकारक केले. 2008 पासून तो कायदा लागू आहे. युरोपीय संघानेही स्वतंत्र कारागिरांची पूर्वतपासणी करून त्यांना सुरक्षाविषयक माहिती देण्याची पद्धत स्वीकारली आहे. संकेतांक कोणाला, कोणाच्या मागणीवरून आणि कोणत्या मोटारीसाठी दिला, याची नोंद राहते. गुप्तता आणि मक्तेदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणांवरून दिसते.

आपल्याकडे तर यासाठी लागणारी सामग्री तयार आहे. वाहनाची नोंदणी परिवहन खात्याच्या संगणकावर आहे, मालकाची ओळख पटवण्याची साधने आहेत, किल्ली हरवल्याची खबर पोलिसांत देण्याची पद्धत आहे. मालकाची खातरजमा झाल्यावर परवानाधारक कारागिराला वाजवी शुल्कात संकेतांक द्यावा. विक्रीच्या वेळीच किल्लीची व नोंदणीची किंमत लेखी सांगावी. आणि जुन्या मोटारीच्या हस्तांतरणात किती किल्ल्या दिल्या, याचा उल्लेख असावा. एवढे तीन नियम केले तरी बराच अन्याय दूर होईल. तिसऱ्या नियमाचे महत्त्व विशेष आहे. मोटार चोरीस गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, आणि एकाच किल्लीनिशी जुनी मोटार घेतलेल्या माणसाचा दावा तेथेच अडतो. ज्याने आयुष्यभराच्या बचतीतून गाडी घेतली, त्याच्यावर हा घाव सर्वांत खोल बसतो.

याच वर्धा शहरातील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम 1934 नंतर उभे राहिले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणाविरुद्ध आपले विचार मांडले. त्यांच्या काळी ही सत्ता गिरण्या आणि भांडवल यांच्या रूपाने दिसे. आज ती संकेतांकाच्या रूपानेही वावरते. किल्लीवाल्याचे कसब कालबाह्य झालेले नाही. त्याला नवे यंत्र शिकता येते आणि अनेक शहरांतील कारागीर ते शिकलेही आहेत. परंतु अधिकृत माहिती न मिळाल्याने त्यांना आडमार्गाने आलेल्या यंत्रांवर काम भागवावे लागते. प्रामाणिक कारागिराला संशयाच्या छायेत ढकलणारी व्यवस्था चोराला रोखतेच, असेही नाही.

मोटारीचे पैसे ज्याने मोजले, नोंदणी ज्याच्या नावे आहे आणि अपघाताची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर येते, त्याला आपली गाडी चालू करण्यासाठी विक्रेत्याची अनुमती घ्यावी लागत असेल, तर त्या मालकीचा अर्थ पुन्हा तपासला पाहिजे. आयोगाने 2014 मध्ये मांडलेल्या तत्त्वाला स्पष्ट कायद्याचे रूप देणे हे संसदेचे काम आहे. तोवर जुनी मोटार घेणाऱ्याने इंजिन आणि टायर तपासण्याआधी दुसऱ्या किल्लीची चौकशी करावी, हेच शहाणपणाचे.