‘फाइल छोटी करून पाठव’ला नाही म्हणा!

गणपतीच्या आधीचा महिना भांडुपमध्ये कसा असतो, हे तुम्ही इथले असाल तर सांगायला नको. स्टेशनपासून टेंभीपाड्यापर्यंत जिथे जाल तिथे कुठल्या ना कुठल्या मंडळाची स्मरणिका चालू असते. ती करणारा असतो मंडळातला एखादा ‘कम्प्युटर येणारा’. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ती मी होते.

पहिल्याच पानावर श्रद्धांजली होती. मंडळाची वर्गणी आयुष्यभर दारोदार फिरून जमवणाऱ्या एका काकांचा फोटो. स्क्रीनवर मस्त दिसत होता. छापून आला तेव्हा डोळ्यांच्या जागी नुसते चौकोनी ठिपके. काकू पान बघून एवढंच म्हणाल्या, ‘‘दुसरा फोटो नव्हता का गं?’’

फोटो चांगलाच होता. बिघडवला मी. (आधी अर्थातच प्रेसवाल्याशी भांडून झालं!)

झालं काय, तर मेलवर फाइल जाईना. ‘‘छोटी करून पाठव,’’ असा फोन आला. मी इनडिझाइनमध्ये पीडीएफ काढताना ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ निवडलं आणि झोपले. आता नीट वाचा. छपाईला एका इंचात साधारण ३०० पिक्सेल लागतात. हा पर्याय ते १००वर आणतो. म्हणजे तिसरा हिस्सा? नाही! आडवं आणि उभं, दोन्हीकडे तिसरा हिस्सा. नऊ पिक्सेलमधला एकच उरतो. वर जेपेग कॉम्प्रेशनही जोरात. स्क्रीनवर अख्खं पान एकदम बघताना यातलं काहीच कळत नाही. पीडीएफ ४०० टक्के मोठी करून चेहरे बघा, लगेच कळेल. तेव्हा छपाईसाठी ‘हाय क्वालिटी प्रिंट’ किंवा प्रेसनं सांगितलेलं सेटिंगच घ्या.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लेआउटची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि फोटोंचा फोल्डर घरीच ठेवायचा. पीडीएफ काढताना सॉफ्टवेअर बजावतं की फोटोंच्या लिंक सापडत नाहीत. आपण घाईत ओके दाबतो आणि खऱ्या फोटोऐवजी अंधूक प्रीव्ह्यू छापला जातो. पासपोर्ट फोटो ३००ला स्कॅन करून पाच इंच ताणला, तर इंचाला ८०-८५ पिक्सेलच उरतात. तिथे कुठलंही सेटिंग कामाला येत नाही, स्कॅनच १२००ला हवा. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ सांगा, नाहीतर तो वाटेतच आकसतो.

पण माझा खरा राग सेटिंगवर नाही. मंडळ मंडपावर, लायटिंगवर हात सैल सोडतं आणि स्मरणिकेचं काम मात्र आदल्या रात्री एकट्या पोराच्या गळ्यात मारतं. एका पानाचं प्रूफ काढा म्हटलं की ‘‘कशाला खर्च?’’ तुम्ही ते पोर असाल, तर तिथे अडून बसा. प्रूफ बघितल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका. आणि प्रेस एलबीएस रोडवर चालत दहा मिनिटांवर असताना फाइल मेलनं कशाला पाठवायची, हे मला अजून कळलेलं नाही.

यंदा काकूंकडून तोच फोटो पुन्हा मागून आणला. ६००ला स्कॅन केला, पेनड्राइव्ह घेऊन स्वतः गेले. प्रूफ आधी काकूंना दाखवलं, मग अध्यक्षांना.