जीर्णोद्धार आणि दुरुस्ती

दिवाळीच्या आधी घराघरांतून माळे झाडले जातात, आणि त्याबरोबर दरवर्षीचा एक जुना खटलाही नव्याने उभा राहतो. माळ्यावरून एखादा मुका रेडिओ खाली येतो, शिवणयंत्राचे चाक येते, कापडी वायरची इस्त्री येते. 'भंगारात घाला,' असे घरातील एक पक्ष म्हणतो. 'थोडी दुरुस्ती केली की झाले,' असे दुसरा म्हणतो. आणि निकाल न लागता वस्तू पुन्हा माळ्यावर चढते. वाचकहो, या खटल्याचा एक उत्तम निकाल मी यंदा आंबागडला ऐकला. न्यायाधीश होते फवारणीचे पंप दुरुस्त करणारे एक कारागीर, आणि वादातली वस्तू होती झाडे कापण्याची एक जुनी यांत्रिक करवत.

आंबागड हे भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. जवळच्या डोंगरावर किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण या त्याच्या सुभेदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा उपयोग तुरुंगासारखा केला. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझा एक विद्यार्थी या गावचा आहे. किल्ला पाहावा म्हणून मी उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, आणि किल्ल्याइतकाच वेळ त्याच्या मामांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो.

तिथे एका पोत्यावर ती करवत उघडी पडली होती. पुस्तकी लोक तिला चेन-सॉ म्हणतात, गावात तिला 'कटर' म्हणतात. लांबट पोलादी पट्टीच्या कडेने दात असलेली साखळी फिरते आणि मागे बसवलेले पेट्रोलचे छोटे इंजिन तिला फिरवते, एवढेच तिचे रूप. पण या रूपालाही इतिहास आहे. आंद्रेआस श्टिल या जर्मन अभियंत्याने १९२६ साली विजेवर चालणारी अशी करवत केली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती धरायला दोन माणसे लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प या दुसऱ्या जर्मनाने डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. एका माणसाला पेलेल अशी श्टिलची करवत १९५० साली आली. साखळीचे दात मात्र एका अळीने शिकवले. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या १९४६ साली ओंडका पोखरणारी अळी न्याहाळत बसला होता. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे लाकूड कापत जातात हे पाहून त्याने तशाच आळीपाळीच्या दातांची साखळी बनवली. आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या आहेत.

पोत्यावरची करवत जर्मन बनावटीची, पन्नास वर्षांच्या पलीकडची. विद्यार्थ्याच्या वडिलांनी ती तरुणपणी एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. वादळात पडलेले आंब्याचे झाड, बांधीच्या पाळीवरची वाळलेली बाभूळ, रीतसर परवानगी काढलेला शेतातला साग, अशी कामे त्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे केली. दोन वर्षांपूर्वी ती बंद पडली, तेव्हापासून त्यांचे कामही बंद होते. मी सहज म्हटले, "काकाजी, एवढी जुनी आहे, नवीच का नाही घेत?" ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, या मशीननं माह्या दोन पोरींचे लगन केले जी. तिले भंगारात कसा टाकू?"

या उत्तरावर माझ्याजवळ काही बोलण्यासारखे नव्हते. मामांनी तर ते ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि पाना हातात घेतला.

त्यांचे काम पाहताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की मोडलेला भाग आणि दुखणारा भाग हे बहुधा निराळे असतात. या यंत्राचा पिस्टन खरवडला होता. कोणीही म्हणेल, पिस्टन बदला. पण मामा विचारीत होते की तो खरवडला का? अशा इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलातच तेल मिसळायचे आणि त्याच मिश्रणाने आतले भाग ओले राहायचे. दांड्याच्या दोन्ही टोकांची रबरी सील वयोमानाने कडक झाली होती. त्यांतून हवा आत शिरे, मिश्रण पातळ होई, इंधनाबरोबर तेलही कमी पडे, इंजिन तापे आणि पिस्टन भाजून निघे. सील तशीच ठेवून नवा पिस्टन घातला असता, तर तोही थोड्याच दिवसांत पहिल्याच्या वाटेने गेला असता.

दुसरे दुखणे कार्बोरेटरचे. करवत आडवी, उभी, तिरकी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारी गोळी नसते, एक पातळ लवचिक पडदा असतो. तो वाळून ताठ झाला होता, आणि पेट्रोलची नळी बोटाने दाबताच तुटली. आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या काळच्या रबराला ते सोसत नाही. उसाचे हे पाणी या म्हाताऱ्या यंत्राला मानवले नव्हते.

सील, पडदा, नळी, पिस्टन आणि रिंगा नागपूरहून आल्या. ठिणगी पाडणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट मात्र कुठे मिळेनात. शेवटी त्याच जातीचे एक मेलेले यंत्र भंगारवाल्याकडून वजनावर घेतले आणि त्यातले पॉइंट काढून बसवले. क्लच उघडताना मामांनी प्लगच्या भोकातून दोरीचा तुकडा आत सोडला, म्हणजे पिस्टन अडतो आणि दांडा फिरत नाही. मग पाना उलटा फिरवला, कारण तिथले आटे डावे असतात. साखळी घेताना लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून निम्मे केले. ते माप साखळीचे, पट्टीच्या टोकाचे आणि दातेरी चाकाचे एकच असावे लागते. दातांना गोल कानस त्यांनी स्वतः लावली. एकेक दात, ठरल्या तिरक्या कोनात, आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. जपमाळ ओढावी इतक्या शांतपणे हे चालले होते.

दसऱ्याच्या आधी मी पुन्हा गेलो त्या दिवशी यंत्र पुरे झाले होते. तिसऱ्या ओढीला ते धरले. निळा धूर निघाला, शेड दणाणली, आणि काकाजींचा चेहरा असा काही उजळला की तो पाहून मीही उगीचच टाळ्या वाजवल्या. त्यांनी करवतीकडे हात नेला. मामांनी ती बंद केली आणि खाली ठेवली.

"भाऊजी, मशीन बरी झाली. पन कामावर नाही देनार."

कारण ऐका. चालत्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर साखळीचा जोर उलटतो आणि सारी करवत पापणी लवायच्या आत वर, धरणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पुढच्या काळातील यंत्रांना म्हणून समोर एक आडवी ढाल दिलेली असते. उसळताना मनगट तिला लागले की साखळी जागच्या जागी थांबते. या जुन्या यंत्राला ती ढाल नव्हती, आणि मागाहून बसवावी असा सुटा भागही तिच्यासाठी मिळत नव्हता. काकाजी म्हणाले, "इतके वर्ष चालवलीच ना मी?" मामा म्हणाले, "तवा तुमचं मनगट तीस वर्साचं होतं. आता पासष्टचं हाय. त्याचा पार्ट नाही भेटत."

काकाजी रागावले. चहा न घेता निघून गेले. सहा महिने वाट पाहून हाती आलेली वस्तू कोणी चालू करून दाखवावी आणि देऊ नये, याचे दुःख काय असते ते त्यांच्या पाठीकडे पाहून कळत होते. मामांच्या बहिणीने भावाशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काकाजी स्वतःच शेडमध्ये आले आणि दोघांनी मिळून मार्ग काढला. ढाल असलेली नवी करवत बचत गटाच्या कर्जातून घ्यायची आणि ती मुलाने चालवायची. घेताना काकाजींनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. 'याचे सुटे भाग कुठं भेटतात?' असा होता. आणि जुनी करवत? दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत तिला मान मिळाला. साखळी उतरवून काकाजींनी ती चालू केली, मिनिटभर तिचा आवाज ऐकला, आणि झेंडूची माळ घालून ठेवून दिली.

मला भाषेच्या माणसाला या प्रकरणात एक जुना भेद नव्याने दिसला. आपल्याकडे 'दुरुस्ती' आणि 'जीर्णोद्धार' असे दोन शब्द आहेत. दुरुस्ती कामाच्या वस्तूची असते. उद्या तिने काम करावे म्हणून ती करायची. जीर्णोद्धार मानाच्या वस्तूचा असतो. तिने काल जे केले त्याची आठवण उभी राहावी म्हणून तो करायचा. आंबागडच्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज कोणी सावरला तर आपल्याला आनंदच होईल, पण म्हणून तिथे पुन्हा कैदी ठेवावेत असे कोणी म्हणणार नाही. घोटाळा होतो तो आपण जीर्णोद्धार करतो आणि अपेक्षा दुरुस्तीची धरतो तेव्हा.

माळ्यावरच्या खटल्यालाही हेच लागू करून पाहा. आजीचा रेडिओ खुशाल बोलता करा. शिवणयंत्राला तेल घाला, ते अजून नातवंडांचे कपडे शिवील. पण कापडी वायरच्या, अर्थिंग नसलेल्या इस्त्रीला झिलई देऊन ती फळीवर मांडा, सूनबाईच्या हाती देऊ नका. कुकरची सुरक्षा-झडप वेळीच वितळावी म्हणून मुद्दाम लवकर वितळणाऱ्या धातूची केलेली असते. तिच्या जागी मिळेल ते बूच ठोकणे ही दुरुस्ती नव्हे. आणि नवी वस्तू घ्याल तेव्हा काकाजींचा प्रश्न विसरू नका. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीच्या अवजारांपासून घरातील यंत्रांपर्यंतच्या दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू आहे. हक्क मागणारे ग्राहक असले म्हणजेच त्याचा उपयोग.

आंबागडच्या मामांनी या कामाची मजुरी किती घेतली, असे मी जाताना विचारले. भागांचे पैसे घेतले, म्हणाले. मेहनतीचे घेतले नाहीत. "वापराले नाही दिली ना, सर. मंग कशाचे घेऊ?"