ऐकीव साक्ष आणि बीडची पत्रं

आमच्या धर्मापुरीत चहाच्या टपरीवर निम्मे खटले 'अमक्याने तमक्याला सांगितलं' एवढ्यावरच निकाली निघतात. एक वकील मित्र म्हणतो, ऐकीव साक्षीची बंदी काढून टाका, इंग्लंडने दिवाणी कामात 1995 साली काढलीच की. फौजदारीत मला हे मुळीच पटत नाही. टपरीवर ज्या पोराचं नाव निघालं, त्याच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची तरी कोणाची?

हदीसच्या अभ्यासकांनीही ऐकीव म्हणून सगळंच फेकलं नाही. कोणी कोणाकडून ऐकलं, दोघे भेटले होते का, माणूस कसा होता, हे तपासलं.

आपला कायदाही मेलेल्या माणसाचं त्याच्या मृत्यूच्या कारणाबद्दलचं म्हणणं ऐकून घेतो. पूर्वी कलम 32, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं 26. सारडा खटला आठवा. माहेर बीड, सासर पुणे. 1982 साली लग्नानंतर चार महिन्यांत मुलगी विषाने गेली. तिची बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायमूर्ती मुर्तझा फजल अलींनी ग्राह्य धरली. आणि तरीही 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी झालेल्या पतीला निर्दोष सोडलं.

सुधारणा हवी ती दुसरीकडे. मुलीने आईला सांगितलेला छळ 498-अ खाली पुरावा धरायचा का, यावर निकाल उलटसुलट होते. 2022 साली तीन न्यायमूर्तींनी काही अटींवर होय म्हटलं. 2023 च्या नव्या कायद्यात हे सरळ लिहिता आलं असतं. शब्द मात्र जुनेच ठेवले.