फुकटच्या चॅनेलला कुलूप कशासाठी?

३१ मार्च २०१७ नंतर आमच्या वाडीतला टीव्ही बेकायदेशीर ठरतो. डिश पडली नाही, बिल थकलं नाही, चोरी तर कधीच केली नाही. दिल्लीच्या कायद्यात आमच्यासारख्यांसाठी खानाच नाही, एवढाच आमचा गुन्हा. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

वाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी, एसटी दिवसातून दोनदा. पंधरा वर्षांपूर्वी चाकरमान्यांनी गणपतीत वर्गणी काढली आणि देवळामागच्या कातळावर मोठी जाळीची डिश उभी राहिली. मंडळाच्या खोलीत रिसीव्हर, तिथून माडापोफळींवरून वायर. ११२ घरं, महिना ४० रुपये. त्यात वीजबिल, दुरुस्ती आणि २०१७ पर्यंत तहसिलात भरावा लागलेला करमणूक कर. उरलं तर नवीन वायर. पगार कुणालाच नाही. जुलैत फांदी पडून वायर तुटली की मी आणि आणखी दोघं शिडी घेऊन निघतो, एवढीच आमची 'कंपनी'.

आम्ही दाखवतो ते फक्त फुकट मिळणारे चॅनेल. सह्याद्री, दूरदर्शनचे बाकीचे, थोड्या बातम्या. २०२५ पर्यंत दरवर्षी हेड पोस्टात ५०० रुपये भरून रीतसर नोंदणी करायचो. आणि एक चॅनेल आमचा स्वतःचा. त्यावर ग्रामसभेची तारीख, नळाला पाणी कधी येणार ते, आणि शिमग्यात पालखी. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं त्याच चॅनेलवर पालखीला हात जोडतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

आता कायदा काय म्हणतो बघा. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार केबलवरून जाणारा कुठलाही चॅनेल डिजिटल आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद करूनच पाठवायचा. 'कुठलाही' म्हणजे फुकटचासुद्धा! सरकार तोच सह्याद्री फ्री डिशवरून महिन्याच्या भाड्याशिवाय घराघरात सोडतं. आम्ही तोच वायरने शेजाऱ्याला दिला तर मात्र कुलूप पाहिजे, किल्ली पाहिजे आणि किल्लीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर पाहिजे. बरं, दूरदर्शनचे चॅनेल दाखवणं केबलवाल्याला सक्तीचं, तेही याच कायद्याने. म्हणजे दाखवायचे पण तुम्हीच सांगणार आणि झाकायचे पण तुम्हीच सांगणार!

हे कुलूप स्वतः लावायचं तर एमएसओ व्हा. दिल्लीत अर्ज करा, फी १ लाख रुपये, यंत्रणेचा खर्च वेगळा. ४० रुपये गोळा करणाऱ्या मंडळाने? नाहीतर मोठ्या एमएसओच्या हाताखाली जा. तालुक्याहून एका कंपनीचा माणूस येऊन गेला. घरटी बॉक्सचे हजार-दीड हजार, वर महिन्याचं भाडं. मी विचारलं, आमच्या पालखीचं काय? म्हणाला, "लोकल चॅनेल लावायचा तर त्याचे वेगळे पैसे." आमच्याच वायरीवर, आमच्याच देवाचे!

आता कुणीतरी म्हणणारच की तुम्हाला प्रगती नको आहे. अजिबात नाही. डिजिटल चित्र चांगलं असतं, हे मान्य. शहरात केबलवाले हजार जोडण्या देऊन शंभर दाखवायचे, कर बुडायचा, त्याला आळा बसायला पाहिजे हेही मान्य. पण आमची वही मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, कुणीही येऊन बघावी. चोर पकडायला निघालात आणि देवळाचा पुजारी धरून नेलात, असं झालंय हे.

दुसरा म्हणेल, मग प्रत्येकाने फ्री डिश लावा की. ज्यांना जमतं त्यांनी लावावी. पण कोकणातल्या पावसाची सर आली की त्या छोट्या डिशचं चित्र जातं, आमची मोठी डिश टिकून राहते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीने कौलांवर चढून डिश कोणाकडून फिरवून घ्यायची? आणि फ्री डिशवर नळाचं पाणी कधी येणार ते कोण सांगणार?

बाहेर काय झालं बघा. अमेरिकेत डोंगरदऱ्यांतल्या कितीतरी गावांनी माथ्यावर छोटे टीव्ही रिले उभारलेत, काही ठिकाणी गावकरीच ते चालवतात. १२ जून २००९ ला तिथली मोठी केंद्रं डिजिटल झाली, पण या रिलेंना ती तारीख लावली नाही. उलट ग्रामीण रिले डिजिटल करायला ६.५ कोटी डॉलर बाजूला ठेवले. तिथल्या कायद्याला 'रिले' म्हणजे काय ते माहीत होतं, म्हणून हे जमलं.

आणि आपल्याला तरी कुठे माहीत नाही? २००६ साली आपल्याच सरकारने स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओची परवानगी दिली. गावाने स्वतःचा रेडिओ चालवलेला चालतो, मग वायर का चालत नाही?

मुदत आधी ३१ डिसेंबर २०१४ होती, मग २०१६, शेवटी ३१ मार्च २०१७ झाली. तारखा पुढे ढकलून आमचं भागत नाही. मागण्या तीनच. ना नफा तत्त्वावर चालणाऱ्या छोट्या गावकेबलसाठी कायद्यात वेगळी वर्गवारी करा. फक्त फुकटचे चॅनेल दाखवणाऱ्यांना कुलपाच्या सक्तीतून सोडा. आणि डिजिटल यंत्रणेसाठी एकदाच मदत द्या. पुढे चालवायला आम्ही समर्थ आहोत, पंधरा वर्षं चालवलंच आहे.

तुमच्या गावात असं केबल असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. ग्रामसभेत ठराव करा, त्याची प्रत खासदारांना आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवा. आमच्या ठरावाचा मसुदा मागाल त्याला देतो. आणि चाकरमान्यांनो, ती डिश तुमच्या वर्गणीची आहे. शिमग्याला गावी याल तेव्हा पालखी नाचवाच, पण त्याआधी ठरावावर सही करा.