साक्ष खरी की सोयीची? अमेरिकेतील राजकीय माहितीपट आणि आठवी आज्ञा

लोकशाहीत राज्यकर्त्यांच्या आचरणावर लक्ष ठेवण्याचे काम विधिमंडळ, न्यायालये व वृत्तपत्रे यांनी करावे, असा संकेत आहे. अमेरिकेत गेल्या दोन दशकांत या कामात माहितीपटांचीही भर पडली आहे. सरकारमधील नीतिमत्ता आणि समाजात पडलेली राजकीय फूट या विषयांवर तेथे दरवर्षी अनेक चित्रपट निघतात. आपल्या धर्मप्रांतातील कित्येक कुटुंबांचे नातलग त्या देशात स्थायिक झालेले आहेत. त्यांच्याकडून हे चित्रपट, त्यांतील तुकडे आणि त्यांवरील आवेशपूर्ण मते भ्रमणध्वनीवरून आपल्यापर्यंत पोहोचतात. तेव्हा यांपैकी कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्यालाही परका राहिलेला नाही. म्हणून त्याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक विलक्षण योगायोग ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेच्या निवडणुकांत पैशाचे दार सताड उघडणारा न्यायनिवाडा एका माहितीपटावरूनच झाला. २००८ साली ‘सिटिझन्स युनायटेड’ या संस्थेने श्रीमती हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा ‘हिलरी : द मूव्ही’ हा चित्रपट काढला. कंपन्यांच्या पैशातून होणाऱ्या अशा प्रचारावर निवडणुकीच्या तोंडावर २००२ च्या कायद्याने बंदी होती. संस्था न्यायालयात गेली. २१ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, कंपन्या व कामगार संघटना यांनी स्वतंत्रपणे केलेल्या राजकीय खर्चावर बंदी घालणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. उमेदवाराच्या हाती थेट पैसे देण्यावरील बंदी कायम राहिली; मात्र बाहेरून त्याच्यासाठी वा त्याच्याविरुद्ध वाटेल तितका खर्च करण्यास मोकळीक मिळाली. असा पैसा पुष्कळदा अशा संस्थांमार्फत येतो, ज्यांना आपल्या देणगीदारांची नावे जाहीर करावी लागत नाहीत.

या निर्णयाचे परिणाम किंबर्ली रीड यांच्या ‘डार्क मनी’ (२०१८) या माहितीपटात पाहावयास मिळतात. घटनास्थळ आहे मोंटाना राज्य. एके काळी तांब्याच्या खाणींचे मालक तेथील राजकारणाचे सूत्रधार होते. १८९९ मध्ये त्यांपैकी एकाने राज्य विधिमंडळातील सदस्यांना लाच देऊन सिनेटची जागा मिळवली. त्यातून धडा घेऊन मोंटानाच्या मतदारांनी १९१२ मध्ये निवडणुकीतील कंपन्यांच्या पैशावर बंदी घातली. ती शंभर वर्षे टिकली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आली. मतदानाच्या आदल्या दिवसांत अनोळखी संस्थांची बदनामीकारक पत्रके घरोघरी कशी पडत होती, हे या चित्रपटात दिसते. विशेष म्हणजे त्यांचे लक्ष्य झालेल्यांत मवाळ रिपब्लिकन उमेदवारही होते. पुढे २०१५ मध्ये त्याच रिपब्लिकनांपैकी काहींनी डेमोक्रॅट सदस्यांबरोबर मतदान करून देणगीदारांची नावे उघड करणारा कायदा संमत केला. फूट पडलेल्या देशातही नीतीच्या प्रश्नावर माणसे एकत्र येऊ शकतात, याचे हे उदाहरण होय.

चार्ल्स फर्ग्युसन यांचा ‘इनसाइड जॉब’ (२०१०) हाही असाच चित्रपट. २००८ च्या आर्थिक अरिष्टाला जबाबदार कोण, याचा त्यात शोध आहे. रिपब्लिकन असोत वा डेमोक्रॅट, दोन्ही पक्षांच्या राजवटींना त्यात जाब विचारला आहे. वित्तसंस्थांकडून मानधन घेऊन त्यांना अनुकूल लेखन करणाऱ्या प्राध्यापकांनाही दिग्दर्शकाने समोर बसवून प्रश्न केले. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. परंतु आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट अशी की, त्यानंतर उठलेल्या चर्चेच्या वातावरणात, २०१२ मध्ये, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या प्रमुख संघटनेने आपल्या नियतकालिकांतील लेखकांना आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन घातले.

दुसऱ्या प्रकारचे माहितीपट मात्र एका पक्षाच्या सेनेत दाखल होतात. मायकल मूर यांचा ‘फॅरनहाइट ९/११’ (२००४) हा त्यांतील अग्रणी. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला आणि अमेरिकेत त्याने अकरा कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांचा पराभव व्हावा, ही इच्छा मूर यांनी लपवली नव्हती. इराक युद्धाविषयी त्यांनी विचारलेले काही प्रश्न रास्त होते, हे काळाने दाखवून दिले. परंतु उपहास आणि सूचक मांडणी यांवर त्यांचा भर अधिक होता. त्याच वर्षी विरोधकांनी प्रत्युत्तरादाखल आपले चित्रपट काढले. दोन्ही बाजूंना आपापला प्रेक्षक लाभला आणि नोव्हेंबरमध्ये बुश पुन्हा निवडून आले.

विरुद्ध बाजूचे सर्वांत यशस्वी नाव आपल्याला जवळचे आहे. श्री. दिनेश डिसोझा यांचा जन्म १९६१ मध्ये मुंबईत, मूळच्या गोव्यातील कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांचा ‘२०१६ : ओबामाज अमेरिका’ (२०१२) हा चित्रपट तीन कोटी डॉलरच्या वर गेला. निवडणुकीसाठी दुसऱ्यांच्या नावाने बेकायदा देणग्या दिल्याचा गुन्हा त्यांनी २०१४ मध्ये न्यायालयात कबूल केला. २०१८ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना क्षमादान दिले. आपल्या मातीतील मुलाने परदेशात नाव कमावले म्हणून अनेकांना त्यांचे कौतुक वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण कौतुकापोटी सत्याकडे पाठ फिरवता येत नाही.

त्यांच्या ‘२००० म्यूल्स’ (२०२२) या चित्रपटाने असा दावा केला की, २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पैसे देऊन नेमलेल्या माणसांनी मतपेट्यांत बेकायदा मतपत्रिका टाकल्या. पुरावा म्हणून मोबाइल फोनच्या ठावठिकाणाची माहिती आणि मतपेट्यांजवळची चित्रफीत पुढे करण्यात आली. स्वतः ट्रम्प यांच्या कारकिर्दीत महान्यायवादी राहिलेल्या विल्यम बार यांनाही हा पुरावा पटला नाही. चित्रफितीत जॉर्जिया राज्यातील एक गृहस्थ चेहरा अस्पष्ट करून दाखवले होते आणि ते गुन्हा करीत असल्याचे निवेदन होते. राज्याच्या चौकशीत निष्पन्न झाले की, त्यांनी स्वतःची, पत्नीची व आपल्याच घरात राहणाऱ्या तीन प्रौढ मुलांची मते पेटीत टाकली होती आणि कायद्याने तशी परवानगी होती. त्यांनी दावा दाखल केला. मे २०२४ मध्ये चित्रपटाच्या प्रकाशक कंपनीने त्यांची माफी मागून वितरण थांबवले. त्या वर्षाच्या अखेरीस डिसोझा यांनीही माफी मागितली. चित्रफितींचा फोनच्या माहितीशी संबंध असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, ते बरोबर नव्हते, असे त्यांनी मान्य केले. चित्रपटाच्या मूळ प्रतिपादनावर मात्र ते ठाम राहिले.

वाचकहो, आपले मत रिपब्लिकनांकडे झुकते की डेमोक्रॅटांकडे, हा येथे प्रश्नच नाही. कुटुंबाची मते पेटीत टाकायला गेलेला एक माणूस लाखो प्रेक्षकांपुढे गुन्हेगार ठरतो आणि क्षमायाचनेला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. तो चित्रपट जेथवर पोहोचला, तेथवर ती क्षमायाचना पोहोचली असेल काय? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा आपण लहानपणीच शिकलो. ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ याहून पुढे जातो. दुसऱ्याच्या नावलौकिकाची हानी करणाऱ्याला पश्चात्ताप पुरेसा नाही, झालेली हानी भरून देणे हेही त्याचे कर्तव्य आहे, असे तो शिकवतो. चोरलेला पैसा जसा परत करावा लागतो, तसेच हे आहे.

मग माहितीपटाची पारख कशी करावी? आम्हांला चार प्रश्न उपयोगी वाटतात. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली आहे काय? पुरावा इतरांना तपासता येईल असा खुला आहे काय? चूक उघड झाल्यावर निर्मात्याने ती मान्य केली काय? आणि चित्रपट आपल्याच बाजूला एखादा अवघड प्रश्न विचारतो काय? सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘फ्रंटलाइन’ या मालिकेने जानेवारी २०२० मध्ये ‘अमेरिकाज ग्रेट डिव्हाइड’ हा दोन भागांचा कार्यक्रम केला. त्यात ओबामा व ट्रम्प या दोघांच्याही कारकिर्दींतून फूट कशी रुंदावत गेली, हे मांडले आहे. त्यासाठी घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखती लोकांना पाहण्यासाठी खुल्या केल्या गेल्या. ही मांडणी सर्वांना पटेलच असे नाही. पण ती तपासण्याचे साधन प्रेक्षकाच्या हाती दिले आहे. अशा सार्वजनिक प्रक्षेपणासाठी मंजूर असलेले एक अब्ज दहा कोटी डॉलर अमेरिकन काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये काढून घेतले, ही बाब चिंतेची आहे.

या फुटीपासून आपली ख्रिस्तसभाही अलिप्त नाही. २०२० मध्ये निवडून आलेले अध्यक्ष बायडन कॅथलिक; २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यासोबत उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेले जे. डी. व्हान्स हेही कॅथलिक. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे घरी गेल्यावर परस्परविरोधी साक्षीदारांचे ऐकतात. पोप फ्रान्सिस यांनी २४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन काँग्रेसपुढे बोलताना, जगाची केवळ चांगले आणि वाईट अशी सरधोपट वाटणी करण्याच्या मोहापासून सावध केले होते. शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे यांनीही निवडीनंतर काही दिवसांतच, १२ मे २०२५ रोजी, पत्रकारांना भेटून शब्दांतील शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले.

हे आवाहन केवळ पत्रकारांसाठी नाही. चित्रपटाचा तुकडा पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या साक्षीत सहभागी होतो. पाठवण्यापूर्वी वरील चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पाठवलेले खोटे निघाले, तर ज्यांना ते पाठवले त्या सर्वांना तसे कळवावे. काम संकोचाचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु झालेल्या हानीची भरपाई करण्याचा आपल्या हाती असलेला मार्ग तोच आहे.