सत्ताधाऱ्यांना हरता येणारी निवडणूक : अमेरिका, १८६२

अमेरिकन यादवी युद्धातील निवडणूक म्हटले की दाखला दिला जातो तो १८६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा. लिंकन जिंकले म्हणून ती स्मरणात राहिली. लोकशाहीची कसोटी मात्र त्याआधीच, १८६२ च्या प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत लागली होती. कारण तीत सत्ताधारी पक्षाने सपाटून मार खाल्ला.

तेव्हा देशभर एकाच दिवशी मतदान होत नसे. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना येथे ऑक्टोबरात. न्यूयॉर्क, इलिनॉयमध्ये नोव्हेंबरात. काही राज्यांत तर थेट १८६३ मध्ये. २२ सप्टेंबर १८६२ रोजी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा निघाला. दोनच दिवसांनी, सैन्यभरतीत अडथळा आणणाऱ्यांसाठी हेबियस कॉर्पसचे संरक्षण स्थगित झाले. त्यात युद्धाचा शेवट दिसेना. या पाचही राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाने मुसंडी मारली. लिंकन यांच्या स्प्रिंगफील्डच्या मतदारसंघात त्यांचे स्नेही लिओनार्ड स्वेट पडले आणि निवडून आले जॉन टॉड स्टुअर्ट. हे स्टुअर्ट म्हणजे लिंकन यांचे वकिलीतील पहिले भागीदार!

बहुतेक राज्यांत आघाडीवरच्या सैनिकाला तिथून मत देण्याची सोय नव्हती, अशी रिपब्लिकनांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. तरीही निकाल मान्य झाले. स्वबळावरचे बहुमत गेले. सीमावर्ती राज्यांतील संघनिष्ठ सदस्यांच्या आधाराने सभागृह कसेबसे हाती राहिले. जाहीरनामा मात्र लिंकन यांनी मागे घेतला नाही. १ जानेवारी १८६३ रोजी त्यावर सही झाली.

तेव्हा 'युद्धातही मतदान झाले' एवढे प्रशस्तिपत्र अपुरे आहे. विरोधकाला जिंकता येत होते का, हे पाहावे लागते. आणि त्या निकषावर उत्तरेचेही चित्र सर्वत्र स्वच्छ नाही. केंटकीत मतदान ऑगस्ट १८६३ मध्ये होते. ३१ जुलैला जनरल बर्नसाइड यांनी तिथे लष्करी कायदा पुकारला. मतदान केंद्रांवर सैनिक उभे राहिले, मतदारांकडून निष्ठेची शपथ मागितली गेली. शिवाय केंटकीत गुप्त मतदान नव्हते; मत सर्वांसमक्ष तोंडी सांगावे लागे. बंदुकीसमोर उच्चारलेल्या अशा मताला कौल म्हणणे कठीण आहे.

फुटीर दक्षिणेतही १८६३ मध्ये काँग्रेसची निवडणूक झाली. उत्तरेच्या ताब्यात गेलेल्या काही मतदारसंघांचे सदस्य सैनिकांच्या आणि निर्वासितांच्या मतांवर निवडले गेले. जेफरसन डेव्हिस यांच्या कठोर करांना आणि सक्तीच्या लष्करभरतीला सर्वाधिक पाठिंबा मिळाला तो अशाच सदस्यांकडून. त्यांच्या मतदारसंघात ना कर वसूल करता येत होता, ना भरती.